वाचलेले सव्वीस हजार

सिॲटलला मुलीकडं जायला दोन तिकिटं निघत होती. एकात दुबईला अडीच तास थांबायचं होतं, दुसऱ्यात अकरा. अकरावालं तिकीट दोघांचं मिळून सव्वीस हजारांनी स्वस्त पडत होतं. फरक साडेआठ तासांचा, म्हणजे तासाला तीन हजारांहून जास्त. आयुष्यभर बँकेत मान मोडून काम केलं, पण तासाला तीन हजार मला कुणी दिले नव्हते. इथं तर नुसतं बसायचं होतं.

"बसायचंच ना?" बायको म्हणाली. "घरी तरी तुम्ही दुसरं काय करता?"

बसण्याबद्दलचा हा आत्मविश्वास घेऊन आम्ही मुंबईहून संध्याकाळच्या विमानात चढलो.

मुलीनं आम्हाला न विचारता दोघांच्याही नावावर व्हीलचेअर लावून ठेवली होती. मी रोज पहाटे पर्वतीच्या 103 पायऱ्या चढतो आणि वर पोचल्यावर इतरांच्या गुडघेदुखीवर मोफत सल्ला देतो. मी चिडलो. "बाबा, तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही लावलेली," ती म्हणाली, "तुम्ही चुकता म्हणून लावलीय." परदेशातली मुलं हल्ली आईवडिलांसाठी खुर्ची मागवतात, ती पायांसाठी नसतेच. ती गेट सापडावं म्हणून असते, आणि समोरचा इंग्रजीत काय म्हणाला हे आपल्याऐवजी खुर्ची ढकलणाऱ्याला कळावं म्हणून असते. दुबईत विमानाच्या दारापाशी खुर्च्यांची रांगच लागली होती. तीन तासांत चार वेळा टॉयलेटपर्यंत तुरुतुरु जाऊन आलेली आमच्यातली मंडळी दाराबाहेर पाऊल पडताच लंगडायला लागली. खोटं कशाला बोला, माझाही डावा पाय जरा आखडला.

आम्हाला ढकलणारा पोरगा नेपाळचा होता. मदत लागणाऱ्या प्रवाशांच्या बसायच्या जागेत त्यानं आम्हाला नेऊन सोडलं आणि बजावलं, "अंकल, आंटी, सिॲटल सुबह है. यहीं बैठना. हिलना मत. मैं लेने आऊँगा."

रात्रीचे दहा वाजले होते. आमच्या आजूबाजूला खुर्च्यांवर पंधरावीस म्हातारे-म्हाताऱ्या पोस्टातल्या रजिस्टर पार्सलांसारखे मांडी घट्ट करून बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर पासपोर्टची पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. दोन मिनिटं मीही बसलो. मग बायकोकडं बघितलं. ती आधीच उभी राहिली होती.

"जरा पाय मोकळे करून येऊ," ती म्हणाली.

हा विमानतळ 1960 साली सुरू झाला तेव्हा वाळू दाबून बनवलेली एक धावपट्टी होती. 2024 साली इथून 9 कोटी 23 लाख प्रवासी गेले. त्यातले निम्मे आम्ही उतरलो त्याच रात्री आले असावेत. आपल्याकडं दहाला दुकानं शटर ओढतात, इथं दहानंतर रंगत चढते. आपल्या भागातली विमानं रात्री येतात, युरोप-अमेरिकेची मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत निघतात, आणि मधल्या वेळात सगळं जग सोन्याच्या दुकानांपुढून चाकांच्या बॅगा ओढत फिरत असतं. रात्री दोन वाजता एक बाई दहा-बारा बांगड्या हातात घालून आरशात बघत होती. दोन वाजता! तिचा नवरा बाकावर बसून पेंगत होता. त्याचा चेहरा कुठल्याही देशाचा असू शकला असता.

आम्ही आधी झोपायची सोय बघायला लागलो. पाय लांब करता येतील अशा आरामखुर्च्या आहेत, पण प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी किंवा कुणाची तरी बॅग होती. शेवटी एक सापडली. मी एसटीच्या संस्कारात वाढलेला माणूस. खिडकीतून आत रुमाल टाकला की जागा आपली झाली, मग दार कितीही उशिरा उघडो. खुर्चीवर रुमाल टाकला आणि बायकोला हाक मारायला गेलो. परत येतो तो खुर्चीवर एक सहा फुटी गोरा तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि सफाई कामगार हातमोजे घालून माझा रुमाल दोन बोटांत धरून उभा होता. बेवारस वस्तूबाबत या विमानतळावर फार काळजी घेतात, हे मला मान्य आहे. पण त्या रुमालाकडं तो ज्या नजरेनं बघत होता, तसं त्याच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"धिस यू?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

झोपेचा विषय तिथं संपला. तासाच्या भाड्यानं झोपायच्या खोल्या होत्या. दर बघितला, तेवीसनं गुणलं आणि झोप आपोआप उडाली. तेवीसनं गुणणं हा आमचा रात्रभराचा उद्योग होता. त्या वेळी एका दिऱ्हमला तेवीस रुपये पडत होते. लहानपणी गुरुजींनी छडी मारून तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतले तेव्हा हे कुठं उपयोगी पडणार असं वाटायचं. ते इथं पडले. तेवीस एके तेवीस ते तेवीस दाहे दोनशे तीस, पाण्याच्या बाटलीपासून उंटिणीच्या दुधाच्या चॉकलेटपर्यंत आम्ही एकही वस्तू न गुणता सोडली नाही. गुणाकार झाला की बायको "अग्गंबाई" म्हणून वस्तू जागेवर ठेवायची आणि आम्ही पुढच्या कपाटाकडं सरकायचो. दुबई ड्यूटी फ्री 1983 पासून रात्रंदिवस चालू आहे. इतकं मनापासून बघून इतकं काहीच न घेणारं गिऱ्हाईक त्यांना नवीन नसणार. काउंटरवरची मुलगी मल्याळी होती. ती आमच्याकडं बघून हसली, ओळखीचं हसली.

जेवायला घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पण दुसऱ्याच्या टेबलावर बसून आपलं खायचं म्हणजे संकोच वाटतो, म्हणून टेबलाचं भाडं समजून दोन कॉफ्या घेतल्या. चोवीस दिऱ्हमला एक. दोघांचे मिळून अकराशे चार रुपये. सव्वीस हजारांतून वजा. मग फोनची बॅटरी संपत आली. तिथलं सॉकेट इंग्रजी पद्धतीचं, चौकोनी तीन दांड्यांचं. आपली गोल दांड्यांची पिन त्यात जात नाही. मी पेनाच्या टोकानं वरच्या भोकातली झडप दाबून खालून पिन घुसवायचा घरगुती प्रयोग सुरू केला, तेव्हा शेजारचं एक फिलिपिनो कुटुंब मुलांना घेऊन दोन रांगा लांब जाऊन बसलं. बायकोनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. ॲडाप्टर साठ दिऱ्हम. तेराशे ऐंशी. खाली शिल्लक तेवीस हजार पाचशे सोळा.

फोन चार्ज होऊन चालू केला तर मुलीचे अठरा मेसेज. तिथं व्हॉट्सॲपवर संदेश जातो, फोटो जातो, पण फोन लागत नाही. हे तिला आठवलं नाही आणि आम्हाला माहीत नव्हतं. तिनं फोन लावून बघितला, लागला नाही, म्हणून तिनं घरच्या ग्रुपवर 'आईबाबा उचलत नाहीयेत' असं टाकलं. पुढची सूत्रं नाशिकच्या मेव्हण्यानं हातात घेतली होती. त्यानं आधी भारतीय वकिलातीचा पत्ता टाकला, मग हरवलेल्या माणसांनी घ्यायच्या काळजीवर एक लांबलचक मजकूर फॉरवर्ड केला. मावशीनं रामरक्षा म्हणायला घेतली होती. एका भाच्यानं दोन्ही संदेशांना अंगठा दिला होता. मी आम्हा दोघांचा फोटो काढून टाकला. लगेच मेव्हण्याचा प्रश्न: 'हा आत्ताचा कशावरून?' मग मागं वेळ दिसेल असं घड्याळ शोधून, त्याखाली उभं राहून दुसरा काढला. त्यावर मावशीनं लिहिलं, 'दीड तास मागचा आहे.' दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, हे समजावता समजावता अर्धी बॅटरी पुन्हा गेली.

या टर्मिनलमध्ये दोन इमारतींच्या मध्ये जमिनीखालून एक छोटी आगगाडी धावते. तिला तिकीट नाही, हे आमच्या लक्षात आलं. त्यानंतर आम्ही बराच वेळ त्या गाडीतच काढला. इकडून बसायचं, तिकडं उतरायचं, समोरच्या बाजूनं परत. बायकोला खिडकीची जागा लागते. बाहेर बोगद्याच्या भिंतीशिवाय काही नाही, पण ती बघत होती.

गाडीतून उतरल्यावर लॉटरीचं काउंटर लागलं. फिरत्या चौथऱ्यावर चकचकीत मोटार, आणि शेजारी दहा लाख डॉलरच्या सोडतीची पाटी. ही सोडत 1999 पासून चालू आहे. एका मालिकेत पाच हजार तिकिटं, तिकीट हजार दिऱ्हमला. पेपरात अधूनमधून बातमी येते की दुबईत अमक्या भारतीयाला लागली, ती हीच. पाटीपुढं एक गृहस्थ हात मागं बांधून उभे होते. पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज, डोक्यावर क्रिकेटची टोपी. त्यांनी आधी माझ्या हातातली शेंगदाणा चटणीची पिशवी बघितली, मग तोंडाकडं.

"कुठलं म्हणायचं?"

"पुणे. आपण?"

"सांगली." मग तिकीट कितीला पडलं हे एकमेकांना विचारून झालं. दोघांनीही खरा आकडा सांगितला नाही. ते सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडं निघाले होते. प्रकृतीचा विषय निघाला तसं मी पर्वतीबद्दल सांगितलं. 103 पायऱ्या, रोज, न थांबता. ते म्हणाले, आपण रोज कृष्णेत पोहतो, तरुणपणी तर महापुरात आयर्विन पुलावरून उडी मारलीय. "ते बघितलंत का," ते हळू आवाजात म्हणाले, "आपली लोकं काय त्या व्हीलचेअरवर बसून येतात! धडधाकट माणसं! लाज वाटत नाही?"

"अहो, कसली लाज," मी म्हणालो. बायकोनं खालमानेनं पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला घेतलं. सांगलीच्या वहिनीही पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

ते मोटार बघायला मागं वळल्यावर मी हिशेब केला. हजार दिऱ्हम म्हणजे तेवीस हजार. शिल्लक तेवीस हजार पाचशे सोळा. "बसतंय," मी बायकोला म्हणालो. "नाही लागलं तर तोटा काहीच नाही, हे पैसे तर आपल्याकडं नव्हतेच."

"आणि लागलं तर?"

"लागलं तर साडेआठ कोटी."

ती बाकावर बसली. मीही बसलो. आधी कर्ज फेडू म्हणालो, पण आमच्यावर कर्ज नव्हतं. मग मुलीला घर. त्यावर एकमत झालं. मग कोथरूडला मोठा फ्लॅट की गावाकडं बंगला, यावर मी गाव म्हणालो आणि ती म्हणाली गावात रात्री-बेरात्री डॉक्टर कोण देणार. तो मुद्दा मी सोडला. मग ती म्हणाली, दादाला पन्नास लाख द्यावे लागतील.

"का?"

"का म्हणजे? तुमच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर कोण बसला होता?"

"बसला होता, पण पन्नास लाख? वीस दे."

"माझ्या भावाला वीस लाख? आणि तुमच्या बहिणीच्या मुलाला शिक्षणाला मी नाही म्हटलं का कधी?"

"त्याचा विषयच अजून निघाला नाही!"

"निघाला असता. मी ओळखते ना तुम्हाला."

तिथून आम्ही 1994 सालच्या एका बारशाला गेलो. तिथं कुणी कुणाला नुसता ब्लाउजपीस दिला होता, तिथून सासूबाईंच्या पाटल्यांपर्यंत. साडेआठ कोटींची वाटणी होता होता दोघांचं बोलणं बंद झालं. तिकीट घ्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

समेट सांगलीच्या वहिनींनी केला. त्या दोघींचं सूत एव्हाना जमलं होतं. पहाटे चार वाजता बायकोनं हातातल्या सामानातून डबा काढला. मुलीसाठी अनारसे केले होते. अनारसा ही काय चीज आहे ते केलेल्यालाच ठाऊक. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे, मग हातानं थापायचा तो खसखशीवर, आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा. उलटायचा नाही. झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं. जाळी पडली तर पडली, नाहीतर कढईत विरघळून हसतो. हे सगळे जाळीदार पडले होते, सोनेरी, आणि वर खसखस दाट.

"घ्या ना एक," बायको म्हणाली. वहिनींनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"खसखस?"

"हो. का?"

वहिनींनी डावीउजवीकडं बघितलं. "अहो, इकडं खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून. आमच्या सुनेनं शंभरदा सांगितलंय."

हे खरं आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगायला मनाई आहे, आणि तपासणीच्या यंत्रातून तो डबा रात्रीच दिमाखात पार झाला होता. बायकोचा चेहरा पांढरा पडला. समोरून एक गणवेशातला माणूस येत होता. तो खरं तर कॉफी घ्यायला चालला होता, पण आम्हा चौघांचेही पाय एका वेळी खुर्चीखाली गेले.

"खसखस खरवडून काढू," मी सुचवलं.

"तळलीय ती!" बायको म्हणाली. "आणि खसखशीशिवाय अनारसा पोरीपुढं ठेवू? त्यापेक्षा धिरडं नेते."

"टाकून देऊ."

याला दोघी एकदम उसळल्या. तीन दिवस भिजवलेले तांदूळ टाकायचे? मग एकच मार्ग उरला. सांगलीकर म्हणाले, "पुरावाच ठेवायचा नाही." आम्ही चौघं डबा मध्ये घेऊन बसलो आणि खायला लागलो. पहिले दोन चवीनं खाल्ले. तिसरा कर्तव्य म्हणून. पाचव्याला सांगलीकरांनी कंबरेचा पट्टा सैल केला. तूप बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं. वहिनी म्हणाल्या, "जाळी काय सुंदर पडलीय हो," आणि डोळे मिटून सहावा ढकलला. डबा रिकामा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गालिच्यावर पांढरे ठिपके पडलेत. मी वाकलो, बोट जिभेला लावून एकेक दाणा टिपायला लागलो. वर बघितलं तर रुमालवाला सफाई कामगार. त्यानं मला ओळखलं. "इट्स ओके, अंकल," म्हणून त्यानं व्हॅक्यूम फिरवला. एका फेरीत सगळा पुरावा नळीत गेला.

पोटात मात्र पुरावा राहिला होता. औषधाच्या दुकानातून पित्ताची गोळी घेतली, पस्तीस दिऱ्हम, आठशे पाच रुपये. एव्हाना हिशेब ठेवायची शक्ती उरली नव्हती, पण सवय उरली होती.

गेटचं तर काही कळतच नव्हतं. इथं विमानांच्या घोषणा करत नाहीत. शांतता राहावी म्हणून ज्यानं त्यानं आपला पडदा बघायचा. स्वारगेटवर बाई एकदा बारामतीची गाडी कुठं लागली ते सांगते, दुसऱ्यांदा सांगते, तिसऱ्यांदा आपल्यावर चिडल्यासारखं सांगते. तेव्हा आपण उठतो. इथं कुणी चिडतच नव्हतं. दर दहा मिनिटांनी मी पडद्याखाली जाऊन मान वर करून उभा राहायचो. सगळ्या गावांपुढं गेट लागलेलं, सिॲटलपुढं जागा रिकामी. सहा वाजता लागलं. आम्ही होतो त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं. चालत जाणं अशक्य नव्हतं, पण पोटात तीन दिवस भिजवलेले तांदूळ होते. आणि त्या नेपाळी पोरानं बजावलं होतं, हिलना मत.

"चला, येतो आम्ही," मी सांगलीकरांना म्हणालो. "गेटपर्यंत जरा झपझप चालत जातो. तेवढाच व्यायाम."

"आम्ही पण," ते म्हणाले. "तिकडून जातो, लांबच्या वाटेनं."

नमस्कार झाला, पत्ते झाले, सांगलीला आलात तर घरीच उतरायचं वगैरे झालं. ते डावीकडं वळले, आम्ही उजवीकडं. एका परफ्यूमच्या दुकानाला वळसा घातला, ते दिसेनासे झाल्याची खात्री केली आणि मागच्या बाजूनं मदत लागणाऱ्या प्रवाशांच्या जागेत शिरलो. रजिस्टर मंडळी रात्री होती तशीच बसली होती. कोपऱ्यात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्या शेजारी टोपी डोळ्यांवर ओढून, गुडघ्यांवर शाल टाकून सांगलीकर बसले होते. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

मी शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही दोघांनीही समोरच्या भिंतीकडं बघितलं. नेपाळी पोरगा यादी घेऊन धावत आला. त्याला घाम फुटला होता.

"अंकल! आप चारों कहाँ थे? पूरी रात ढूँढा!"

"बाथरूम," सांगलीकर म्हणाले.

"मी पण," मी म्हणालो.